कॅशबॅक की प्रवासाचे कार्ड? खानदेशातल्या घरखर्चाचा हिशेब मांडून केलेली निवड

खानदेशातल्या खेड्यांमध्ये ‘क्रेडिट कार्ड’ म्हटले की आजही अनेकांच्या डोळ्यांपुढे आधी किसान क्रेडिट कार्ड येते, म्हणून हा घोळ सुरुवातीलाच दूर केलेला बरा. किसान क्रेडिट कार्ड ही १९९८ साली सुरू झालेली पीककर्जाची सोय आहे. ३ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जावर त्यात ७ टक्के व्याज लागते, वेळेत परतफेड केली तर ते ४ टक्क्यांवर येते आणि गरजेनुसार रोख रक्कम उचलणे हा त्याचा रीतसर वापर आहे. ज्या कार्डाविषयी येथे लिहायचे आहे त्याचा स्वभाव नेमका उलटा आहे. ते दुकानात, संकेतस्थळावर आणि तिकीट काढताना वापरायचे असते. त्यातून रोख काढली तर साधारण अडीच टक्के शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागते. आणि बिल पूर्ण न भरल्यास व्याजाचा दर महिन्याला, वर्षाला नव्हे, ३ ते पावणेचार टक्के असतो. दोन्हींना एकच नाव पडल्यामुळे केळीचे किंवा कापसाचे पैसे आल्यावर एकदम फेडू, या जुन्या सवयीने हे दुसरे कार्ड वापरणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत.

बक्षिसे देणाऱ्या कार्डांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. कॅशबॅकच्या कार्डात खर्चाच्या ठरावीक टक्के रक्कम बिलातून वजा होते किंवा खात्यात जमा होते. प्रवासाच्या कार्डात पॉइंट किंवा माइल्स (विमान कंपन्यांचे पॉइंट) साठतात आणि ते विमानाचे तिकीट, हॉटेल किंवा रेल्वेचे आरक्षण यांसाठी वापरावे लागतात. यातले कोणते चांगले, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या सर्वसाधारण कुटुंबाला बहुतेक वेळा साधे कॅशबॅकचे कार्डच परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कशावरून बनले ते पुढे आकड्यांत मांडतो.

आधी वही, मग अर्ज

कार्डांची जाहिरात वाचण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास समोर घेऊन बसावे. तीन महिन्यांचा नमुना आपल्याकडे पुरत नाही, कारण इथला खर्च वर्षभर सारखा वाहत नाही. जूनमध्ये शाळेची फी, पुस्तके आणि बियाणे-खते एकदम येतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावयांची सरबराई आणि जमल्यास सोने असते, दिवाळी आहेच, आणि घरात लग्न निघाले तर त्या वर्षाचा हिशेबच वेगळा होतो. खर्चाचे रकाने दुकानांच्या नावांनी न करता प्रकारांनी करावेत: किराणा, ऑनलाइन खरेदी, पेट्रोल, वीज-मोबाइल-गॅस, विम्याचे हप्ते, शाळेची फी, प्रवास, दवाखाना. रोखीने झालेला खर्च वेगळा ठेवावा, कारण भाजीवाल्याला, मजुराला आणि रिक्षावाल्याला दिलेला पैसा कार्डावर येणारच नाही.

प्रकारांनी लिहायचे कारण असे की प्रत्येक दुकानाच्या मशीनला व्यवसायाचा चार अंकी सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो आणि बँक बक्षीस त्या क्रमांकावरून देते, पाटीवरून नव्हे. आमच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराने आपले मशीन पूर्वीच्या धंद्याच्या नावाने घेतले होते आणि दुकान बदलल्यावर ते तसेच चालू ठेवले. किराण्यावर ५ टक्के देणाऱ्या कार्डाने तिथे सहा महिने सामान घेऊनही मला त्या दराचा एक रुपया मिळाला नाही. बँकेकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले की व्यवहार किराण्याचा नाही. नियमाने ते बरोबरच होते, पण चहापत्ती आणि तूरडाळीच्या पावत्या हातात धरून ते ऐकताना फार राग आला. तेव्हापासून नवे कार्ड आले की नेहमीच्या प्रत्येक दुकानात आधी एक लहान खरेदी करतो आणि स्टेटमेंटमध्ये काय उमटते ते पाहूनच पुढचे ठरवतो.

एका घराचा हिशेब

जळगावातले एक मध्यमवर्गीय घर कल्पनेने घेऊ. ऑनलाइन खरेदी महिन्याला ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,०००. किराणा, कपडे, औषधे मिळून महिन्याला १२,०००, म्हणजे वर्षाला १,४४,०००. वीज, मोबाइल आणि गॅस वर्षाला ४८,०००, पेट्रोलही ४८,००० आणि विम्याचे हप्ते ४०,०००. कार्डावर जाणारा एकूण खर्च ३,५२,००० रुपये झाला. आता ‘ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, इतरत्र १ टक्का’ असे सांगणारे आणि वर्षाला ९९९ रुपये फी असलेले कॅशबॅकचे कार्ड धरू. ऑनलाइनचे ३,६०० आणि किराणा वगैरेचे १,४४० असे ५,०४० रुपये मिळतील. वीजबिल, पेट्रोल आणि विमा यांवर कित्येक कार्डे काहीच देत नाहीत, म्हणून तिथे शून्य धरावे. फीवर १८ टक्के जीएसटी लागून ती १,१७९ रुपये होते. हातात उरले ३,८६१ रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे १.१ टक्का. जाहिरातीतले ५ टक्के घरी पोहोचेपर्यंत इतके आटतात. तरीही ३,८६१ रुपये ही टाकून देण्यासारखी रक्कम नाही, आणि ठरावीक खर्च झाल्यावर फी माफ होत असेल तर ती पाच हजारांवर जाते. फक्त त्या माफीसाठी कोणता खर्च मोजतात ते वाचून घ्यावे. जे प्रकार बक्षिसातून वगळलेले असतात ते अनेकदा इथेही वगळलेले निघतात.

आता त्याच घरासाठी प्रवासाचे कार्ड धरू: वर्षाची फी ३,००० रुपये, जीएसटीसह ३,५४०, आणि दर १५० रुपयांच्या खर्चामागे ४ पॉइंट. पात्र खर्च (ऑनलाइन आणि किराणा वगैरे मिळून) २,१६,००० रुपये असल्यामुळे वर्षाला ५,७६० पॉइंट जमतात. संख्या भरघोस दिसते, पण पॉइंटची किंमत तो कुठे वापरला यावर ठरते. विमानाच्या तिकिटात तो एक रुपयाला गेला तर फी वजा जाता २,२२० रुपयांचा फायदा आहे. व्हाउचर घेऊन तो ५० पैशांना गेला तर ६६० रुपयांचा तोटा. आणि बिलात वळता करून २५ पैशांना गेला तर २,१०० रुपये पदरचे गेले. शिवाय १५० रुपयांचा टप्पा असल्याने १४० रुपयांच्या खरेदीवर काहीच मिळत नाही आणि २९० रुपयांच्या खरेदीवरही चारच पॉइंट मिळतात, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा ५,७६० च्या खालीच राहतो. प्रवासाचे कार्ड तपासताना ‘किती पॉइंट’ हा प्रश्न दुसरा आहे. ‘एक पॉइंट कितीला आणि कुठे’ हा पहिला.

विमान किती वेळा, रेल्वे किती वेळा

जळगावला विमानतळ आहे आणि उडान योजनेमुळे तिथून प्रवासी विमाने सुरू झाली, परंतु मार्ग मोजके आहेत आणि वेळापत्रक आपल्या सोयीने चालत नाही. बाकीच्यांना मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा इंदूर गाठावे लागते आणि नवापूर-नंदुरबारकडच्यांना सुरत जवळचे पडते. विमानाच्या कार्डाचे मोठे आकर्षण म्हणून सांगितले जाणारे विमानतळावरचे फुकट लाउंज, म्हणजे आरामकक्ष, अशा माणसाला वर्षातून एकदा किंवा दोनदाच उपयोगी पडते, आणि अलीकडे अनेक कार्डांनी त्यासाठीही आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असण्याची अट घातली आहे. मी स्वतः असे एक कार्ड दोन वर्षे बाळगले. पहिल्या वर्षी तिकिटाचे व्हाउचर मिळाले, त्याची मुदत सहा महिने होती. पुण्याला जायचे दोन प्रसंग आले आणि दोन्ही वेळा विमानाचा दिवस जमला नाही, म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलो. व्हाउचर तसेच संपले. दुसऱ्या वर्षाची फी मात्र वेळेवर लागली.

ज्यांचा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे, ज्यांना धंद्यासाठी दर महिन्याला दिल्लीला जावे लागते, किंवा ज्यांचे वर्षाला सहा-आठ विमानप्रवास ठरलेलेच असतात, त्यांचे गणित वेगळे असते आणि त्यांनी प्रवासाचे कार्ड अवश्य पाहावे. तेही शक्यतो एकाच विमान कंपनीला बांधलेले नको, कारण आपल्या भागातून कोणत्या कंपनीचे विमान पुढच्या वर्षी उडेल हे कोणी सांगू शकत नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के अधिभार लागतो आणि त्यावर जीएसटी धरून तो ४.१३ टक्के होतो. मुले परदेशात शिकत असतील तर पॉइंटांपेक्षा हा अधिभार कमी असलेले किंवा अजिबात नसलेले कार्ड महत्त्वाचे ठरते.

आपला खरा प्रवास रेल्वेचा आहे. भुसावळसारखे जंक्शन, मुंबई-हावडा मार्ग आणि नंदुरबार-अमळनेरवरून जाणारा सुरतचा फाटा यांमुळे खानदेशी माणूस विमानापेक्षा रेल्वेचे आरक्षणच जास्त करतो, म्हणून आयआरसीटीसीच्या नावाने बँकांनी काढलेली कार्डे इथे विचारात घेण्यासारखी आहेत. क्रेडिट कार्डाने ऑनलाइन तिकीट काढताना लागणारे साधारण १ टक्का व्यवहारशुल्क अशा कार्डांवर परत मिळते आणि तिकिटाच्या रकमेवर चांगल्या दराने पॉइंट मिळतात. पण हा चांगला दर बहुधा एसी आणि चेअरकार वर्गाच्याच तिकिटांना असतो आणि साठलेले पॉइंटही पुन्हा तिकिटासाठीच वापरायचे असतात. स्लीपरने नवजीवन एक्स्प्रेस पकडणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. वर्षाला एसीची तिकिटे पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जात असतील तरच असे कार्ड घ्यावे, आणि तेही दुसरे कार्ड म्हणून. (एसटीने फिरणाऱ्यांनी तर कार्डाचा विचारही करू नये: मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि ५० टक्के कॅशबॅक देणारी बँक अजून जन्माला यायची आहे.)

बारीक अक्षरांत काय पाहावे

कमाल मर्यादा ही सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट आहे. ‘५ टक्के कॅशबॅक’ या शब्दांखाली ‘महिन्याला जास्तीत जास्त १,००० रुपये’ असे लिहिलेले असेल, तर महिन्यातल्या २०,००० रुपयांच्या खरेदीनंतर पुढे काही मिळत नाही. दिवाळीत ४२,००० रुपयांचा टीव्ही घेतला तर २,१०० नव्हे, १,००० रुपये मिळतील, म्हणजे २.४ टक्क्यांहूनही कमी. तोच टीव्ही ईएमआयवर घेतला तर बहुतेक कार्डे काहीच देत नाहीत.

वगळलेल्या प्रकारांची यादी शेवटपर्यंत वाचावी. घरभाडे, वॉलेट भरणे आणि इंधन जवळपास सगळीकडे वगळलेले असते. काही कार्डांत शाळेची फी, दागिने आणि रेल्वेही वगळलेली असते. लग्नसराईत जळगावच्या सराफ बाजारातली मोठी खरेदी कार्डावर टाकून वर्षाची फी माफ करून घेण्याचा बेत करणाऱ्यांनी ही यादी नक्की पाहावी, आणि पेढीवर आधीच विचारावे की कार्डाचे वेगळे दोन टक्के तर लावणार नाहीत ना. दुकानदाराने दोन टक्के घेतले आणि बँकेने एक टक्का दिला, तर हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा झाला हे सांगायला नको.

पेट्रोलच्या बाबतीत ‘सरचार्ज माफ’ याचा अर्थ सवलत असा अनेक जण घेतात. कार्डाने पेट्रोल भरले की १ टक्का अधिभार लागतो, तो ठरावीक रकमेच्या व्यवहारात परत मिळतो. त्यावरचा जीएसटी मात्र परत येत नाही. २,००० रुपयांच्या पेट्रोलवर २० रुपये लागून परत आले आणि ३ रुपये ६० पैसे गेले, इतकाच त्याचा अर्थ. खरी सवलत एखाद्या तेल कंपनीशी जोडलेल्या कार्डावर मिळते, आणि ती त्याच कंपनीच्या पंपांवर मिळते. धुळ्याच्या महामार्गावर रोज गाडी चालवणाऱ्याला ते जमेल, गावात एकच पंप असलेल्याला जमेलच असे नाही.

रुपे क्रेडिट कार्ड मात्र आपल्या भागासाठी फार उपयोगाचे आहे, कारण २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येते आणि त्यामुळे मशीन नसलेल्या, फक्त क्यूआर चिकटवलेल्या लहान दुकानातही चालते. तो क्यूआर दुकानाच्या नावाचा असावा लागतो. वैयक्तिक खात्याच्या क्यूआरवर किंवा पाहुण्याच्या नंबरवर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. यूपीआयवरच्या खर्चाला बक्षिसाचा दर वेगळा असतो का, तेही पाहावे. ६ सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या कार्ड कंपन्यांनी ग्राहकाला कार्ड देताना नेटवर्क (रुपे, व्हिसा वगैरे) निवडण्याची संधी द्यायची आहे, तेव्हा अर्ज करताना रुपे मागायला संकोच करू नये.

शेवटची तपासणी कॅशबॅक कोणत्या रूपात येतो याची. बिलातून आपोआप वजा होणारा कॅशबॅक सर्वांत उत्तम. पॉइंटांच्या रूपात येऊन मग रोख करायला ९९ रुपये शुल्क मागणारा, किंवा एकाच खरेदीच्या ॲपमध्ये जमा होणारा कॅशबॅक हा नावापुरताच असतो.

अर्ज करताना

बाजारपेठेत किंवा पेट्रोल पंपावर टेबल मांडून बसलेला मुलगा “भाऊ, बठ्ठं फुकट शे” (सगळं फुकट आहे) म्हणून फॉर्म पुढे करतो, तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: फुकट पहिल्या वर्षी की कायम, आणि ते लेखी कुठे आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत व्याजदर आणि शुल्के यांचे एक पानी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मिळायला हवे. न मागता कार्ड पाठवण्यास बँकांना मनाई आहे, आणि आलेले कार्ड ३० दिवसांत चालू केले नाही तर ओटीपीने तुमची संमती घेतल्याशिवाय ते चालू करता येत नाही.

पगारदारांना पगाराच्या पावतीवर कार्ड मिळते. शेतकऱ्याची अडचण वेगळी असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत, मग वर्षाला आठ-दहा लाखांची केळी विकणाऱ्याचाही अर्ज उत्पन्नाच्या पुराव्याअभावी परत येतो. अशांनी मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्यावे. ठेवीवर व्याज चालू राहते, ठेवीच्या मोठ्या हिश्श्याइतकी मर्यादा मिळते आणि वेळेत भरणा केल्यास सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर नोंद तयार होत जाते. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज मात्र करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद तिथे राहते.

बिलाची तारीख हा शेतकरी घरांचा कळीचा प्रश्न आहे. उत्पन्न हंगामात येते, बिल दर महिन्याला येते. समजा, २०,००० रुपये एक महिना राहिले, तर पावणेचार टक्क्यांनी ७५० रुपये व्याज आणि त्यावर १३५ रुपये जीएसटी असे ८८५ रुपये गेले. वरच्या हिशेबातल्या घराला महिन्याला सरासरी ४२० रुपये कॅशबॅक मिळत होता, म्हणजे एका महिन्याच्या उशिराने दोन महिन्यांची कमाई पुसली गेली. शिवाय जुने देणे पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. म्हणून कार्डावर तितकाच खर्च टाकावा जितका बचत खात्यात आजच पडून आहे, आणि खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप जाण्याची सूचना बँकेला देऊन ठेवावी. बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पगार किंवा दुधाचे पैसे ज्या तारखेला येतात त्यानंतर चार-पाच दिवसांनी देय तारीख येईल असे ते लावून घ्यावे.

नातेवाइकांचा खर्च आपल्या कार्डावर टाकण्याचा मोह पॉइंटांमुळे वाढतो. साल्याच्या लग्नाचा फ्रीज, मामांचा मोबाइल असे करता करता वर्षाचा भरणा १० लाखांवर गेला तर त्याची माहिती प्राप्तिकर खात्याकडे जाते, आणि मामांनी पैसे द्यायला उशीर केला तर व्याज आपल्या नावावर चढते. मामांना तोंडावर नाही म्हणणे अवघड असते, हे मान्य आहे; कार्डाची मर्यादा मुद्दाम कमी करून घेतली की तेवढे बोलावे लागत नाही.

कार्ड घेतल्यावर अकराव्या महिन्यात पुन्हा वही काढावी: वर्षभरात प्रत्यक्ष किती मिळाले आणि पुढची फी किती. तोटा दिसत असेल तर बँकेला फोन करून फी माफ करण्यास सांगावे. अनेकदा ती माफ होते. झाली नाही तर आधी साठलेले पॉइंट वापरून घ्यावेत, बाकी शून्यावर आणावी आणि मग कार्ड बंद करण्याची लेखी विनंती करावी. बाकी नसलेले कार्ड बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि त्यासंबंधीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. विनंती केल्याच्या तारखेचा ईमेल किंवा पोच मात्र जपून ठेवावी, कारण सात दिवस तिथूनच मोजले जातात.